मधला पडदा

"बघितलंस? परत पेन्सिल फिरवली त्यानं!" शंकासुर दात-ओठ खात पुटपुटला.

"फिरवू दे ना. पाणी पी, मध्यंतर संपेल," त्याची भिडू म्हणाली.

विद्यापीठाच्या ब्रिज स्पर्धेची अंतिम फेरी चालली होती. जिंकेल ती जोडी परदेशी जाणाऱ्या संघात, हरेल ती घरी. समोर यांत्रिकी विभागाचे जुळे भाऊ होते आणि ते केसभर पुढे होते. दोन वर्षं अभ्यासाला तिलांजली देऊन शंकासुरानं आणि भिडूनं या एका जागेसाठी घाम गाळला होता.

शंकासुर हे अर्थातच वसतिगृहानं ठेवलेलं नाव. दाराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि ते ओढून बघायला परत वर चढायचा, असला गडी. पण या वेळी त्याची खात्रीच होती. ब्रिजमध्ये भिडू समोरासमोर बसतात आणि आपल्या हातात काय आहे ते एकमेकांना फक्त बोलीतून सांगतात. त्यापलीकडे मुद्दाम भुवई जरी उडवली तरी ती चोरी. आणि इथे थोरला पेन्सिल फिरवायचा, धाकटा कॉलर चाचपायचा आणि दोघांची बोली अचूक बसायची. सरळ माणसांचं एवढं जमतं होय?

नाही म्हणायला शंकासुराचं आणि भिडूचंही जमायचं, पण ती गोष्ट वेगळी. मध्यंतराआधीचाच डाव घ्या. शंकासुराच्या हातात तीन एक्के आले. कान तापले, चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. भिडूनं वाढदिवसाला दिलेलं पिवळं फडकं काढून त्यानं काचा पुसल्या, चेहरा कोरा ठेवला आणि साधीच बोली दिली. भिडूनं क्षणभरही विचार न करता थेट स्लॅम लावला, म्हणजे तेरांपैकी बारा हात करायची पैज, आणि केलेही! पुढच्या डावात त्याच्याकडे नुसती चिल्लर पानं होती. बोली तीच. तिथे ही बाई गुपचूप पास म्हणून मोकळी झाली.

"मनकवडी आहे रे तुझी भिडू," बघणारी पोरं म्हणायची. शंकासुराला मूठभर मांस चढायचं. मध्ये त्यानं चष्मा टाकून लेन्स लावायचं ठरवलं होतं. "छे! चष्म्यातच तू छान दिसतोस," ती म्हणाली. पठ्ठ्या पुढचा आठवडाभर हवेत चालत होता. लेन्सचा विषय तिथेच संपला. संघात निवड झाली की तिला मनातलं सांगून टाकायचं, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

मध्यंतर संपता संपता तो उठला आणि तडक पंचबाईंकडे गेला.

"मॅडम, टेबलावर पडदा लावा."

"कोणावर संशय आहे का?"

"नाव घेत नाही. पण लावा."

"मागणं तुझ्या हक्काचं आहे. पण एकदा लावला की शेवटपर्यंत काढणार नाही, बरं का."

भिडूनं त्याची बाही ओढली. "कशाला उगाच? हसं होईल आपलं. आहे तसंच जिंकू की!"

"कर नाही त्याला डर कशाला?" तो मोठ्यानं म्हणाला. जुळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.

थोरल्यानं खांदे उडवले. "लावा की, आमचं काय जातंय!"

आव बघा साहेबांचा, शंकासुर मनात म्हणाला. भिडू नुसतीच पत्ते पिसत राहिली.

शिपायानं कपाटातून प्लायवूडचा पडदा आणला, झटकला आणि टेबलावर तिरका उभा केला. आता भिडूला भिडू दिसत नव्हता. शंकासुराच्या बाजूला धाकटा, पलीकडे ती आणि थोरला. बोलीची पाटी तेवढी खालच्या फटीतून इकडून तिकडे सरकायची.

आता बघू कसे पोपट बोलतात ते, म्हणून शंकासुर सरसावून बसला.

धाकट्यानं कॉलर चाचपली. बघायला भाऊ समोर नव्हता, तरी चाचपली. आणि बोली अचूक बसली. पुढच्या डावातही बसली. शंकासुर चक्रावला. सवयच होती की काय मेल्याची?

पुढचा डाव त्याच्याकडे भरभक्कम आला. त्यानं काचा पुसल्या आणि नेहमीची बोली दिली. पाटी पलीकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्यावर पास होता. हातचा स्लॅम गेला!

त्यानंतर त्याच्याकडे सगळा पालापाचोळा आला, तर तिनं स्लॅम बोलून डाव आपटला. गेल्या दोन वर्षांत तिनं अशी माती कधी खाल्ली नव्हती. बिचारी घाबरली, त्याला वाटलं. माझ्यामुळेच हे झालं. नको म्हणत होती, तरी मी पडद्याचं खूळ काढलं. त्याला स्वतःचाच राग आला.

शेवटचा डाव. अजूनही जिंकता येणार होतं, पण स्लॅम झाला तरच. त्यानं पानं उचलली. आयुष्यात एवढा देखणा हात त्याच्याकडे आला नव्हता. कान तापले. काचा धुरकटल्या. त्यानं पिवळं फडकं काढलं, काचा स्वच्छ केल्या, बोली ठेवली आणि पाटी सरकवली.

पाटी परत येईना. धाकटा छताकडे बघत बसला होता. बोल ना गं, शंकासुर मनातल्या मनात विनवत होता. तुला सगळं कळतं माझ्या मनातलं.

पडद्यामागे थोरल्याची पेन्सिल टेबलावरून घरंगळली. ती उचलायला तो वाकला असावा, खुर्ची करकरली. तेवढ्यात खालच्या फटीतून, त्याच्यापुरतीच, भिडूची बारीक कुजबुज आली.

"चष्मा पुसलास का रे?"