मर्डोची गुंतवणूक

यंदाच्या वार्षिक सभेत अध्यक्षाला घालवायचंच, असं आम्ही क्रेगबर्न फुटबॉल क्लबाच्या म्हाताऱ्या भागधारकांनी ठरवलं होतं. हा गृहस्थ दरवर्षी गुडघे गेलेले खेळाडू हौसेने विकत आणतो. आम्ही पोटभर आरडाओरडा केला, पण मतदानात तो दणदणीत बहुमताने पुन्हा निवडून आला. मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या पिटत होता माझा शेजारी मर्डो, म्हणजे गावातल्या दुसऱ्या क्लबाचा, डनव्हेलचा, जन्मजात भक्त.

"तू इथे काय करतोयस रे?"

"भागधारक आहे बाबा. आम्ही डनव्हेलवाल्यांनी वर्षभर तुमचे शेअर गोळा केले. असा अध्यक्ष तुम्हाला परत मिळायचा नाही. म्हटलं, जपायला हवा."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. घरी चर्चला जातो म्हणून सांगून आलोय. तुमच्या क्लबात पाऊल टाकलं हे सुनेला कळलं तर जेवायला वाढणार नाही."

"आणखी शेअर हवेत?"

मर्डोचे डोळे चमकले. "देतोस? चढा भाव देईन."

आम्ही सगळ्यांनीच विकले. आलेल्या पैशांत आम्ही डनव्हेलचे शेअर घेतले. त्यांची सभा पुढच्या आठवड्यात आहे. त्यांच्या अध्यक्षाने नुकतंच आपल्या मेहुण्याला प्रशिक्षक नेमलंय. अशा कर्तबगार माणसाला निदान दहा वर्षं तरी खुर्चीवरून हलवू नये, असं एक जबाबदार भागधारक म्हणून माझं स्पष्ट मत आहे.