विहीणबाईंची किडनी

रोटाचा तुकडा ललितने तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात परत ठेवला. यशोदाबाईंचा जीव वरखाली झाला. सात महिन्यांपूर्वी पोराला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हाच त्यांनी कानबाईला बोलून ठेवलं होतं, माझा ललित सुखरूप उठू दे, श्रावणात तुझ्या रोटाचा पहिला घास तोच खाईल. पोरगा उठला. देवीने आपलं काम चोख केलं. आता घास अडला होता, आणि तो समोर बसलेल्या विहीणबाईंवरून.

ललितला बसवलेली किडनी विहीणबाईंची, म्हणजे सुनेच्या आईची, सुगंधाबाईंची. खरं तर यशोदाबाई स्वतःची द्यायला सगळ्यांच्या आधी निघाल्या होत्या. पण त्यांना शुगर. डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. नापास झाल्याचं ते दुःख अजून गेलं नव्हतं. त्यात सुगंधाबाई जळगावच्या मेहरूणहून रोज सकाळी धुळ्याला फोन करायच्या आणि आधी विचारायच्या, “माझी किडनी कशी आहे? पाणी देता ना तिला वेळेवर?” जावयाची चौकशी नंतर. फोन ठेवला की यशोदाबाई सुनेवर घसरायच्या, “चारुलता, तुन्ही मायनी किडनी दिधी का भाडावर ठेवी?”

आज विहीणबाई स्वतःच किडनी बघायला आल्या होत्या. यशोदाबाईंनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. खीर वाढली, गंगाफळाची भाजी वाढली, वर आग्रह केला. फक्त रोट वाढला नाही. कानबाईचा रोट म्हणजे घरातल्या माणशी सव्वा मूठ गहू घेऊन केलेला नैवेद्य. तो कुळातल्यांनीच खायचा. लग्न झाल्यावर सख्ख्या लेकीलाही त्यांनी तो कधी दिला नव्हता, तिथे विहिणीचं काय घेऊन बसलात?

“त्यासले नही, तर माले बी चालाव नही,” ललित म्हणाला. “मन्हा पोटमा परका कुळनी किडनी शे, माय. मी तरी आते पुरा या घरना कोठे ऱ्हायनू?”

“जावईबापू, रीत आहे ती. खा तुम्ही,” असं म्हणत सुगंधाबाई पानावरून उठायलाच लागल्या.

यशोदाबाईंना घाम फुटला. ललितने घास खाल्ला नाही तर देवीला दिलेला शब्द खोटा. विहिणीला रोट दिला तर रीत मोडली. दोन्हीकडून कोप व्हायचा तो पोरावरच, आणि पोरगा तर आत्ता कुठे सावरला होता. त्यांनी कानबाईकडे पाहिलं. देवी म्हणून मांडलेला, नथ घातलेला नारळ नुसता बघत होता. डोळे मात्र यशोदाबाईंचेच भरून आले.

“बसा खाले!” त्या विहिणीवर कडाडल्या. “रोज माझी किडनी, माझी किडनी! ती तुमनी नव्हतीच कधी. देवीनी ती पहिलापासून ललितना नावनी करेल व्हती. तुमना पोटमा फक्त ठेवेल व्हती.”

सुगंधाबाई घाबरून बसल्या. यशोदाबाईंनी ताटातल्या तुकड्याचे दोन भाग केले. एक ललितच्या तोंडात घातला आणि दुसरा विहिणीच्या ओठांपुढे धरला.

“खा, विहीणबाई. मन्हा पोऱ्यानी किडनी तुम्ही पंचावन्न वरीस पोटमा सांभाळी. मी तर त्याले नऊच महिना सांभाळा.”