खिडकीतून टाकलेला रुमाल

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलपासून बसमध्ये बसून बसून मनोहरकाकांचं अंग आंबून गेलं होतं. सोन्याच्या खाणींच्या त्या गावात जुनी आगगाडी दिसताच त्यांनी एस.टी.च्या सवयीने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

"अहो बाबा, अख्खी ट्रेन रिकामी आहे!" सिद्धेश हसला.

ओशाळून काकांनी रुमाल खिशात कोंबला आणि ते लेकाशेजारी टेकले.

बोगदा आला. काळ्या काचेत सिद्धेश दिसला. त्याच्या शेजारी मात्र नुसता रुमाल पसरलेला होता.

काचेतल्या डब्यातून खाणीतल्या चिखलाने माखलेला एक म्हातारा पाय ओढत आला, रुमाल उचलून हुश्श करत तिथे बसला.

"दमलात ना, बाबा?" सिद्धेशने विचारलं.

काकांनी तोंड उघडलं.

"हो रे," काचेतला म्हातारा म्हणाला.