नेहमीसारखं जेवा

"आई, 'औषध घ्या आणि नेहमीसारखं जेवा', एवढंच सगळ्यांना सांगितलं होतं मी. तुम्ही सगळ्या सहा महिने एकवेळच जेवलात?"

प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडलेल्या शेजारणीनं नुकतंच सगळं कबूल केलं होतं. सगुणाबाई मात्र ताठ उभ्या होत्या. आळीतल्या बारा शुगरवाल्या बायका लेकीच्या संशोधनासाठी त्यांनीच जमवल्या होत्या. चरबी जाळून शुगर उतरवणारं लेकीचं औषध नापास होऊन चालणार नव्हतं, म्हणून उपासही त्यांनीच धरायला लावले होते.

"पोटावरची चरबी झडली, शुगर उतरली. मग रडतेस कशाला, बये?"

"उपाशी राहून उतरणारच ती. माझ्या औषधाला गुण आहे की नाही, आता कसं कळणार? नऊ वर्षं गेली माझी."

सगुणाबाईंनी लगबगीनं पदर बाजूला केला. "घे, घाल पुन्हा पोटात सुई. काढ पहिल्यासारखी चरबी तपासायला. या खेपेला पोटभर जेवते. बाकीच्यांनाही दम भरते."

लेक हलली नाही. सगुणाबाईंनी स्वतःच पोटाला चिमटा घेतला. हातात नुसती सुरकुतलेली कातडी आली.