गॅस संपलाय

“एसीचा गॅस संपलाय, लवकर ये बाबा!” चतुराबाईंचे निफाडहून सकाळपासून फोनवर फोन. शेवटी महेबूब मेकॅनिक हातातलं काम टाकून भर उन्हात त्यांच्या गच्चीवर पोचला.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर फडक्यानं झाकलेली ताटं होती. ती त्यानं बाजूला सरकवली, चष्मा-हातमोजे चढवले, चतुराबाईंना लांब उभं केलं आणि जपून गेज लावून पाहिलं. प्रेशर एकदम चोख! खाली खोलीत डोकावला, तर हुडहुडी भरेल असा गारठा आणि आत माणूस एकही नाही.

“मावशी, गॅस बरोबर आहे. खोलीचा तर बर्फ झालाय, म्हणून बाहेरचं मशीन आपोआप थांबतंय!”



“खोलीचं काय घेऊन बसलास? हितं बाहेर गरम वारं येईना झालंय, ताटातले बेदाणे वाळायचे कसे?”