पक्का सांधा

जीप वळणावर आली आणि रस्ता पुन्हा उघडला. जीप आडवी झाली, आतले खडे खोलीभर पसरले आणि सुदेशने कपाळाला हात लावला.

रस्ता प्लास्टिकचा होता, खेळण्यातला. वीतभर लांबीचे तुकडे. एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला खाच. जीभ खाचेत दाबली की टक् आवाज होऊन दोन तुकड्यांचा एक रस्ता व्हायचा, ओढली की पुन्हा दोन तुकडे. एवढंच काम. सुदेश मूळचा जामसरचा, वसईच्या कारखान्यात साचे बनवायला शिकून आलेला, आणि एवढ्याशा कामासाठी खोडाळ्यातल्या या खोलीत पावसाळाभर कानस घासत बसलेला. दुपारी ठाण्याच्या खेळण्यांच्या कंपनीचे साहेब नमुना बघायला येणार होते. त्यांना पटला तर यंत्रावर तुकडे पाडणाऱ्या रामी आणि जिवलीकाकीला इथेच वर्षभर काम होतं. नाही पटला तर भातकापणी उरकली की नेहमीसारखी वीटभट्टीची गाडी.

खरं तर रस्त्यात दोष नव्हता. रिकामी जीप त्यावरून सुरेख जायची. अडचण एवढीच की या दोघी जीप रिकामी सोडायला तयार नव्हत्या. आत खडे भरायच्या, टपावर रचायच्या, मागे लटकणाऱ्यांसाठी ओल्या मातीने आणखी दोन चिकटवायच्या. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक बसवलेला होता.

सुदेशने आधी समजावलं की हे खेळणं आहे. मग सांगितलं की शहरातल्या मुलांच्या जीपमध्ये कुणी बसत नाही. मग तेच आवाज चढवून सांगितलं. दर वेळी दोघींनी मान डोलावली आणि त्याची पाठ वळली की जीप भरली.

"भरल्याबिगर जीप सुटते काय रं?" जिवलीकाकी म्हणाली. "जव्हारची तरी सुटते काय?"

रामीचं म्हणणं त्याहून अवघड होतं. रिकाम्या जीपखाली रस्ता टिकला, यात रस्त्याची कसली बढाई, असं तिने विचारलं. वर पांड्या ड्रायव्हरचा दाखला दिला. त्याची जीप म्हणे रिकामी असली की उडते आणि भरली की माणसात येते.

सुदेशने कानस उचलली. साच्यातली जिभेची जागा घासली की तुकड्याची जीभ जाड होते. मात्र साच्यातला धातू काढता येतो, परत लावता येत नाही. म्हणून एका वेळी केसभरच घासायचं, हे त्याला वसईत शिकवलं होतं. आज तो केसभर घासायच्या मनःस्थितीत नव्हता.

रामीने यंत्राचा दांडा ओढला, नवे तुकडे पडत गेले. गार झाल्यावर जिवलीकाकीने ते जोडायला घेतले. जोडताना तिला गुडघा लावावा लागला. टक् आवाज असा आला की भिंतीपलीकडचं शिलाई मशीन थांबलं. मग जीप भरली. टपावर नेहमीपेक्षा चार जास्तच बसवले. वळणावर ती जरा कुरकुरली आणि निघून गेली. रामी हसली. सुदेशही हसला, बऱ्याच दिवसांनी. पुन्हा चालवली, पुन्हा गेली. चहा झाला. सांधा धरतो की नाही यात इतके दिवस गेले होते की तो सुटतो की नाही, हे बघायचं तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

साहेब सज्जन होते. बूट दाराबाहेर काढून आत आले. जीपमधले खडे त्यांनी न विचारता बाहेर काढून ठेवले, आणि त्या क्षणी सुदेशला ते फार आवडले. रिकामी जीप पूर्ण फेरी मारून आली.

"छान," साहेब म्हणाले. "आता हे सुटं करून डब्यात भरा." त्यांनी आणलेला डबा पाटाएवढा होता.

सुदेशने एक सांधा ओढला. मग दुसरा. रामीने एक बाजू धरली, जिवलीकाकीने दुसरी, दोघींनी पाय रोवले. रस्ता जमिनीवरून उठला तो अख्खा, खाटेच्या चौकटीसारखा. साहेबांनी डबा त्याच्याशेजारी धरून बघितला. आशेने नव्हे, सवयीने. मग त्यांनी शांतपणे समजावलं की शहरात घरं लहान असतात, चार वर्षांच्या मुलाला रोज झोपायच्या आधी आपल्या हाताने रस्ता मोडून डब्यात ठेवता आला पाहिजे.

जिवलीकाकीला हे नवीन होतं.

"रोज रस्ता काढून ठेवायचा?" तिने सुदेशला विचारलं. "न् सकाळी?"

"सकाळी परत जोडायचा."

तिने साहेबांकडे जरा दयेने बघितलं.

सुदेशने नवा साचा करून देतो म्हटलं, थोडी मुदत मागितली. साहेबांना मनापासून वाईट वाटलं, तसं त्यांनी सांगितलंही. पण नाताळचा माल आता दुसरीकडूनच घ्यावा लागेल, म्हणाले. मग त्यांनी बूट घातले.

गाडीचा आवाज विरेपर्यंत सुदेश दारात उभा राहिला. आत येऊन त्याने रस्ता जमिनीवर आपटला, एका तुकड्यावर पाय दिला आणि शेजारचा दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढला. मोठा आवाज झाला. रस्ता मोडला, पण तुकड्याच्या मधोमध.

जिवलीकाकीने मोडका भाग उचलून उजेडात धरला, सांध्यावरून बोट फिरवलं.

"नाय सुटला," ती समाधानाने म्हणाली. मग तो खाली ठेवून तिने रामीला हाक मारली आणि दोघी भट्टीवर न्यायची भांडी घासायला गेल्या.