हाडांतली जागा

आईच्या अस्थींचं मडकं सील लावून सोनटक्के साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. नदीशुद्धी निधीच्या निर्णयांवरची अपिलं सरकारतर्फे तेच ऐकत.

"साहेब, नदीत सोडायला आईच्या अस्थी द्या," मंदा म्हणाली. कडेवरची पोरगी मडक्याकडे झेपावत होती.

"ताई, नदी नितळ कशानं झाली, विसरलात? निधीनं गावाला इंजेक्शनं दिली, म्हणून पाण्यातलं विष पिणाऱ्यांच्या हाडांत जाऊन बसलं. अस्थी सोडल्या तर ते परत पाण्यात उतरणार."

"जन्मभर तेच पाणी प्याली ती. आता एवढं तरी तिच्या मनासारखं होऊ द्या."

साहेब जरा विरघळले. "बरं, अपील मंजूर करतो." मग त्यांनी हातातलं यंत्र पोरीच्या मनगटाला लावलं. हिरवा दिवा लागला. "पण जेवढं विष नदीत जाईल, तेवढं घरातल्याच कुणीतरी पुन्हा पिऊन काढायचं, असा नियम आहे. तुमची हाडं तर भरलीत. हिची अजून कोरी आहेत."

मंदानं पोरीचा हात झटकन ओढून घेतला. पदरानं मडक्यावरची धूळ पुसली आणि मडकं साहेबांकडे सरकवलं.

'अपीलदाराचे समाधान झाले,' साहेबांनी नोंद केली आणि शिपायाला म्हणाले, "पुढचं मडकं आण."